दूरचिकित्सा आणि गुह्यरोग : एक आत्मपरीक्षण

फिरंग या व्याधीचे स्वतंत्र वर्णन सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या भावप्रकाशात आढळते. बाह्य, आभ्यंतर व बहिरंतर्भव असे त्याचे तीन भेद तेथे सांगितले आहेत. बाहेरचा व्रण नाहीसा झाला म्हणजे व्याधी गेला असे नव्हे, हेच या भेदांतील मर्म होय. हे ठाऊक असूनही आमच्या हातून एकदा प्रमाद घडला.

२०२१ च्या पावसाळ्यात एका विवाहित तरुणाने शिश्नावरील वेदनारहित व्रणाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर पाठविले. संकोचामुळे तो प्रत्यक्ष येण्यास तयार नव्हता. आम्ही प्रक्षालनार्थ त्रिफळा क्वाथ व पोटात गंधक रसायन सुचविले, औषधे कुरिअरने धाडली. तीन आठवड्यांत व्रण भरला. रुग्ण संतुष्ट, आम्हीही संतुष्ट! पुढे त्याच्या पत्नीच्या गर्भिणी तपासणीत व्हीडीआरएल चाचणी सकारात्मक आली. पेनिसिलीनचे उपचार वेळीच झाले व बाळ सुखरूप जन्मले; पण त्याचे श्रेय आमचे नव्हते.

सिफिलिसचा पहिला व्रण उपचारांविनाही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. त्यामुळे औषधाला यश आल्याचा भास रुग्णाला होतो, तसाच वैद्यालाही होतो.

दूरचिकित्सेला आमचा विरोध नाही. एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद चिकित्सकांसाठीही मार्गदर्शक तत्त्वे निघाली. दूरस्थ सल्ला पुरेसा आहे की प्रत्यक्ष तपासणी हवी, हा निर्णय वैद्याच्या विवेकावर असतो. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी पडद्यावर प्रश्न पूर्ण होतो, दर्शन अर्धेच होते आणि स्पर्शन मुळीच होत नाही. मात्र जो रुग्ण लज्जेपोटी कोणाशीच बोलत नाही, तो दूरध्वनीवर बोलतो, हा मोठाच लाभ होय. त्याचा उपयोग रुग्णाला तपासणीपर्यंत नेण्यासाठी व्हावा.

आता आम्ही पुढील नियम पाळतो. केवळ छायाचित्रावरून गुह्यरोगाचे औषध देत नाही. सिफिलिस व एचआयव्हीची रक्ततपासणी प्रथम सांगतो. आरंभीच्या काही आठवड्यांत ती नकारात्मक येऊ शकते, म्हणून पुन्हा करवितो. जोडीदाराची तपासणी व उपचार आवर्जून सुचवितो. गर्भिणी असल्यास विलंब न लावता रुग्णालयात पाठवितो. शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिक व १०९७ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा यांची माहिती प्रत्येकास देतो. पथ्य, मनोधैर्य व पाठपुरावा यांसाठी दूरध्वनी उत्तम साधन आहे.

औषधालय चालकांनाही एक विनंती. गुह्यरोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे. दुकानात हळू आवाजात औषध मागणाऱ्यास पुडी देऊन वाटेस लावू नये, वैद्याकडे व तपासणीकडे पाठवावे.

रुग्णाची लाज आपण जरूर राखावी; परंतु तिच्या आडोशाने व्याधी घरात शिरणार नाही, याची काळजीही वैद्यानेच घ्यावयाची आहे.