जनावराची नडगी मोडल्यास : प्लास्टर, सळई की प्लेट?



माझा विषय पिकांचा, पण शिवारफेरीत एक प्रश्न हमखास येतो, "वासराचा मागचा पाय मोडला, आता काय करावे?" अशा वेळी जनावर कामातून गेले असे लगेच समजू नये.

परळला केईएम रुग्णालयात माणसांची, तर मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयात (स्थापना १८८६) जनावरांची मोडलेली हाडे जोडली जातात. तत्त्व एकच : तुटलेली टोके जुळवून ती हलू न देणे. मात्र माणूस कुबड्या घेतो. जनावर पाय लगेच टेकते. म्हणून जनावराचे वजन, वय व जखम पाहून पशुवैद्यक पद्धत ठरवतात.

१) प्लास्टर : खर्च कमी. परंतु मोडीच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे त्यात यावे लागतात. जनावराचा गुडघा पोटालगत, मांसल भागात असल्याने तो नीट बांधला जात नाही. म्हणून नडगीला नुसते प्लास्टर बहुधा अपुरे पडते.

२) सळई : हाडाच्या पोकळीत स्टीलची सळई घालतात. शेळी, करडू व लहान वासरासाठी सोयीची. तिरकी मोड किंवा चुरा असल्यास हाड फिरण्याची भीती राहते.

३) प्लेट व स्क्रू : पकड पक्की, सांधे मोकळे. मात्र खर्च जास्त, चीर मोठी आणि कोवळ्या हाडात स्क्रू सैल होऊ शकतात.

४) बाहेरची चौकट : हाडातून आरपार घातलेल्या सळया बाहेर दांड्यांना किंवा कड्यांना जोडतात. उघड्या जखमेत उपयुक्त, कारण जखम धुता येते. सळयांभोवतीची जागा नियमित स्वच्छ ठेवावी.

वासराचे हाड साधारणतः ४ ते ६ आठवड्यांत जुळते. प्रौढ बैलात वजनामुळे धोका अधिक असतो.

दवाखान्यात नेईपर्यंत काय करावे?

• जनावराला उठवू वा चालवू नये.
• जखम स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावी. शेण, माती, हळद लावू नये.
• कामट्या बांधल्यास खाली कापूस घालावा. बाहेरची कामटी खुरापासून थेट कमरेपर्यंत घ्यावी. मोडीजवळच संपणारी कामटी तरफेसारखी हाड आणखी हलवते.
• दोरी करकचून आवळू नये. रक्तपुरवठा थांबून पाय सडतो.

परळखेरीज नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथेही पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. हाड बसवण्यास दिवस घालवू नयेत. हाडाने कातडी फाडण्यापूर्वीच जनावर पशुवैद्यकाकडे न्यावे.