अडलेली फाईल
युनिक्सच्या वळणाच्या संगणकांतील सामाईक भांडाराविषयी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार झालेले रूळ आज देशभरच्या लोहमार्गांवर पसरलेले आहेत. तेथून जवळच असलेल्या रायपूर येथे मात्र दीर्घकाळपर्यंत एक अडचण होती. मुख्य लोहमार्गाची रुंदी १६७६ मिलिमीटर, तर धमतरीकडे जाणाऱ्या फाट्याची अवघी ७६२ मिलिमीटर. दोन्हीही रेल्वेच, इंजिन, डबे, सिग्नल ही सामग्री दोहोंकडे सारखीच. तथापि एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर चालणे शक्य नव्हते. माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे.

संगणकांच्या जगातही असेच घडते. लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलॅरिस, मॅकओएस या प्रणाली युनिक्सच्या कुळातील अथवा त्याच्या वळणाच्या आहेत. त्यांची भाषा पुष्कळशी एक. परंतु सवयी भिन्न. त्यांना एकाच भांडारातील फाईली वापरावयास लावल्या की कधी कधी काम मध्येच थबकते. हे का होते व त्याचा शोध कसा घ्यावा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

सामाईक भांडाराची कल्पना

अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८५ साली ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’ नावाची पद्धत प्रचारात आणली. संक्षेपाने तिला एनएफएस म्हणतात. तिचे नियम कंपनीने जाहीर केल्यामुळे इतरांनाही ती स्वीकारता आली. तिची तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये आणि चौथी २००० मध्ये शब्दबद्ध झाली.

तिची कल्पना साधी आहे. फाईली एका संगणकावर ठेवावयाच्या. त्याला सर्व्हर म्हणावे. त्या मागणारा संगणक म्हणजे ग्राहक. ग्राहक विचारतो, ‘अमुक फाईलचा अमुक ठिकाणापासूनचा इतका भाग द्या’. सर्व्हर तो देतो. जुन्या आवृत्त्यांत सर्व्हर कोणी कोणती फाईल उघडली आहे याची आठवण ठेवीत नसे. हा विसराळूपणा हेतुपुरस्सर होता. वीज जाऊन सर्व्हर बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला, तर ग्राहकाने तीच विनंती पुन्हा करावयाची, म्हणजे काम जेथे थांबले तेथून पुढे चालते.

यासाठी ग्राहकाच्या अंगी चिकाटी हवी. म्हणूनच उत्तर आले नाही तरी तो हार न मानता विचारीतच राहतो. या रीतीला ‘हार्ड माउंट’ म्हणतात. पडद्यावर सर्व काही गोठल्यासारखे दिसते. पण वस्तुतः तो संगणक मेलेला नसतो, वाट पाहत असतो. दोष असतो तो उत्तराच्या वाटेत.

नकार आणि मौन

समजा, भिलाईतील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्सचा सर्व्हर आहे. एक विद्यार्थी फ्रीबीएसडीच्या संगणकावरून, तर दुसरा मॅकओएसवरून आपली वर्षभराची निरीक्षणे त्यावर ठेवीत आहे. एके दिवशी काम अडते. प्रथम एवढेच पाहावे की सर्व्हरने नकार दिला आहे की तो मौन पाळून आहे.

नकाराचे उदाहरण असे: लिनक्सचा सर्व्हर सामान्यतः १०२४ पेक्षा कमी क्रमांकाच्या पोर्टमधून आलेल्या विनंत्याच मान्य करतो, मॅकओएस मात्र स्वभावतः त्याहून मोठ्या क्रमांकाचा पोर्ट वापरतो. परिणामी परवानगी नसल्याचा संदेश ताबडतोब येतो. दोघांपैकी एकाची सवय बदलली की काम भागते. नकार स्पष्ट असल्यामुळे तो सोसणे सोपे.

मौनाचा उलगडा पायरीपायरीने करावा लागतो. सर्व्हरपर्यंत साधी हाक पोहोचते काय, हे ‘पिंग’ या आज्ञेने पाहावे. नंतर २०४९ क्रमांकाच्या पोर्टवर एनएफएसची सेवा उत्तर देते काय, हे तपासावे. वाटेतील फायरवॉल नको असलेली विनंती न कळवताच टाकून देत असेल, तर ग्राहकास काहीच कळत नाही.

लहान जाते, मोठे अडते

सर्वांत फसवा प्रकार पुढेच आहे. पिंग होते, जोडणी होते, चार फाईलींच्या फोल्डरची यादीही दिसते. परंतु मोठी फाईल उघडताच सारे ठप्प होते. येथे रायपूरचे रूळ आठवावेत.

नेटवर्कवरून माहिती लहान लहान पॅकेटांत जाते. इथरनेटवर एका पॅकेटची नेहमीची मर्यादा १५०० बाइट असते. वेग वाढविण्यासाठी काही ठिकाणी ती ९००० पर्यंत नेतात. आता सर्व्हर व ग्राहक या दोहोंवर ९००० ठरविले, पण मधला स्विच १५०० चाच राहिला, तर लहान पॅकेटे बिनबोभाट जातात आणि मोठी वाटेत नाहीशी होतात. रायपुरास निदान माल उतरवून घेणारे हमाल होते. असा स्विच माल उतरवीत नाही आणि तो टाकून दिल्याची वर्दीही देत नाही.

परीक्षा सोपी आहे. ‘तुकडे करू नये’ अशी अट घालून पिंगने ८९७२ बाइटांचा मजकूर पाठवावा. त्यात २८ बाइटांची शीर्षके मिळविली की बरोबर ९००० होतात. तो पोहोचला नाही आणि १४७२ बाइटांचा पोहोचला, तर दोष मधल्या वाटेतच आहे असे समजावे.

जुन्या काळी एनएफएस बहुधा यूडीपी या पद्धतीने चाले. तीत ८१९२ बाइटांची एक खेप इथरनेटवर ६ तुकड्यांत विभागली जाई आणि एक तुकडा हरवला तरी सहाही पुन्हा पाठवावे लागत. आता प्रघात टीसीपीचा आहे. तीत हरवलेला भागच तेवढा पुन्हा जातो.

कुलुपाचा निरोप

दोघांनी एकाच वेळी एकाच फाईलमध्ये लिहू नये म्हणून फाईलला कुलूप लावतात. तिसऱ्या आवृत्तीत कुलुपाचे काम एक निराळी सेवा पाहते. कुलूप मोकळे झाले की सर्व्हर आपण होऊन ग्राहकास निरोप धाडतो. ग्राहकाच्या फायरवॉलने हा निरोप अडविला तर फाईल वाचता येते, पण कुलूप मागणारा कार्यक्रम ताटकळत बसतो. चौथ्या आवृत्तीत कुलुपाची व्यवस्था मुख्य सेवेतच घेतल्यामुळे २०४९ हा एकच पोर्ट पुरतो. सर्व संगणकांना ती आवृत्ती येत असेल, तर तीच योजणे श्रेयस्कर.

घाईचा उपाय

ताटकळण्याला कंटाळून अनेक जण ‘सॉफ्ट माउंट’चा आश्रय घेतात. यात ग्राहक ठरावीक प्रयत्नांनंतर हार मानतो आणि चूक झाल्याचे कार्यक्रमास कळवितो. पडदा मोकळा होतो. परंतु तो कार्यक्रम अशा सूचनेकडे लक्ष देणारा नसेल, तर फाईल अर्धवट लिहिलेली राहते आणि कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याची निरीक्षणे परीक्षेच्या आदल्या दिवशी अपुरी निघावीत, तशातला हा प्रकार. अडलेल्या फाईलने वेळ जातो; बिघडलेल्या फाईलने वर्ष जाते. म्हणून ज्या फाईलींत लिहावयाचे आहे त्यांच्यासाठी हार्ड माउंटच ठेवावा.

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन्ही टोकांच्या नोंदवह्या वाचाव्यात. लिनक्सच्या नोंदीत सर्व्हर उत्तर देत नसून प्रयत्न चालू असल्याचे वाक्य आढळते. काही वेळाने तो ठीक असल्याचे दुसरे वाक्यही येते. या दोहोंमध्ये किती काळ गेला आणि त्या वेळी कोणती फाईल चालू होती, हे टिपून ठेवले तर निम्मे निदान झालेच म्हणावयाचे.

एका कुळातील दोन प्रणालींना परस्परांची भाषा समजते. पण भाषा समजणे आणि व्यवहार जुळणे या दोन निराळ्या गोष्टी होत. संगणक अडला म्हणजे बटण दाबून त्याची वाट पाहणे मोडण्यापूर्वी, तो कोणत्या उत्तरासाठी थांबला आहे एवढे विचारावे.