मनाचा बांध कशाने फुटतो?

चाकणच्या बाजूला आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. पोरगा शाळेत हुशार, स्वभावाने लाजरा. घरची जमीन कारखान्यात गेली. मग वडील वारले. पोरगा कंपनीत कंत्राटी कामाला लागला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. झोपेचा मेळ राहिला नाही. कंत्राट संपले की काम जाईल, ही धास्ती वेगळीच.

बाविसाव्या वर्षी तो बदलला. एकटाच बसे, एकटाच बोले. 'माझ्या जेवणात विष कालवतात' म्हणे. घरात कुणाला काही ऐकू येत नसे, पण त्याला माणसांचे आवाज खरेच ऐकू येत.

भावकी म्हणाली, 'कुणीतरी करणी केली.' आत्या म्हणाली, 'याचा आजाही असाच होता. रक्तातच आहे, इलाज नाही.' शेजारी म्हणाले, 'आईने लाडावून ठेवला.' ती माउली रडत आमच्याकडे आली. 'गुरुजी, माझं काय चुकलं?'

आम्ही तिला जे सांगितले, तेच येथे सांगतो.

या आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. हा मेंदूचा आजार आहे. शंभरात साधारण एकाला, किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना, तो आयुष्यात कधीतरी होतो. बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो.

तो का होतो? आपल्या शेताचा बांध पाहा. बांध कोठे फुटतो? जेथे मुळात बसका असतो तेथे. पण बसका बांध उन्हाळ्यात फुटतो का? नाही. जोराचे पाणी यावे लागते. बरे, पाणी सगळ्याच शेतांत येते, पण सगळेच बांध फुटत नाहीत. बसका बांध आणि जोराचे पाणी, दोन्ही एकत्र आले म्हणजे फुटतो. बांध फार बसका असेल, तर थोडे पाणीही पुरते.

मनाचेही तसेच आहे. काहींच्या मेंदूत जन्मापासून थोडा नाजूकपणा असतो. तो घराण्यातून येतो. कधी आईच्या पोटात असताना किंवा जन्माच्या वेळी इजा झाल्यानेही येतो. हा झाला बसका बांध. त्यावर ताणाचे पाणी चढते. घरचे माणूस जाणे, गाव सुटणे, कामाची धास्ती, जाग्रण हे सारे ताण. गांजा ओढला तर धोका आणखी वाढतो. मेंदूत निरोप नेणारी काही द्रव्ये असतात. त्यांचा तोल गेला की नसलेले आवाज खरे वाटू लागतात.

झुबिन आणि स्प्रिंग या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी १९७७ साली हा विचार नीट मांडला.

'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांनी जुळ्या भावांचे उदाहरण घ्यावे. अगदी एकसारखे जुळे असले, तरी एकाला आजार झाल्यावर दुसऱ्याला तो फार तर निम्म्या वेळा होतो. आई किंवा बाप आजारी असला, तरी शंभर मुलांतली सुमारे नव्वद मुले सुटतात. म्हणजे रक्त एकटे काही करीत नाही. आणि आईच्या लाडाने तर हा आजार होतच नाही.

दोन कारणे आहेत, म्हणून उपायही दोन्हीकडून करता येतो. औषध म्हणजे बांधाची डागडुजी. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या की आजार बहुधा उलटतो. दुसरा उपाय म्हणजे पाण्याला चर काढणे. पुरेशी झोप, झेपेल तेवढे काम, घरात शांत बोलणे. टोचून बोलणाऱ्या घरात आजार लवकर उलटतो, असे दिसून आले आहे.

भगताकडे नेऊन वेळ घालवू नका. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय, पुण्याचे ससून, येरवड्याचे मनोरुग्णालय येथे मानसोपचाराचे डॉक्टर असतात. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन केला, तर फुकट सल्ला मिळतो.

हा आजार शिकल्यासवरल्या घरीही येतो. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला तो होता. त्यांनी लपवले नाही. अशा घरांना आधार मिळावा म्हणून त्यांनी पुण्यात संस्था काढली. याच आजारावर 'देवराई' हा मराठी चित्रपट २००४ साली आला. त्यामागेही ते होते.

आमच्या विद्यार्थ्याचे काय झाले? औषध सुरू झाले. रातपाळी सुटली. आता तो एका लहान वर्कशॉपात दिवसा काम करतो. आईने बोलणे मऊ केले, भावाने गोळ्यांची आठवण ठेवली. परवा भेटला तेव्हा म्हणाला, 'गुरुजी, आवाज कधीमधी येतात. पण मी आता त्यांचं ऐकत नाही.'

मंडळी, बांध फुटला म्हणून आपण शेत सोडून देत नाही. फावडे घेतो आणि माती घालतो. मग घरचे माणूस कसे सोडावे?