निमविषारी साप: धोका नेमका कोठे आहे?

महाराष्ट्रातील सापांची विभागणी साधारणपणे बिनविषारी, निमविषारी आणि विषारी अशा तीन गटांत केली जाते, आणि त्यांतील मधल्या गटात हरणटोळ, मांजऱ्या, उडता सोनसर्प, रेतीसर्प यांसारखे साप येतात. या गटाचा आधार विषाची मोजलेली तीव्रता हा नसून मुख्यतः विषदंतांची जागा हा आहे, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. त्यामुळे एकीकडे हरणटोळ विनाकारण मारला जातो, तर दुसरीकडे ‘निमविषारी’ या शब्दावर विसंबून खरोखरच्या विषारी दंशाकडे दुर्लक्ष होते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विषदंत वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात असतात, ते आतून नळीसारखे पोकळ असतात, आणि स्नायूंनी विषग्रंथी आवळली की विष दाबाने जखमेत शिरते. निमविषारी सापांचे विषदंत डोळ्याच्या खाली किंवा त्याहूनही मागे असतात, बहुतेक जातींत त्यांच्यावर केवळ एक उघडी पन्हळ असते, आणि फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ द्युवेर्न्वा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथीतील स्राव त्या पन्हळीतून हळूहळू झिरपतो. या ग्रंथीत विष साठवणारी मोठी पोकळी सहसा नसते आणि तिला जोराने दाबणारे स्नायूही नसतात. म्हणूनच पालीला पकडणारा मांजऱ्या तिला दंश करून सोडून देत नाही, तर ती निपचित पडेपर्यंत जबड्यात घट्ट धरून चावत राहतो.

मांजऱ्याच्या कुळातील सापांच्या विषात आणखी एक विलक्षण गोष्ट आढळते. या कुळातील काही जातींच्या विषातील प्रथिने पक्ष्यांच्या आणि सरड्यांच्या स्नायूंवरील संदेशग्राहकांना घट्ट चिकटतात व त्यांना लुळे करतात, पण सस्तन प्राण्यांच्या संदेशग्राहकांवर त्यांची पकड फारच सैल असते. म्हणजे विष सौम्य असते ते माणसाच्या दृष्टीने. त्याच्या खऱ्या भक्ष्यासाठी ते पुरेसे जहाल असते. तरीही मात्रा आणि शरीराचे वजन यांचा हिशेब विसरता येत नाही, कारण प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर याच कुळातील तपकिरी वृक्षसर्पाने झोपलेल्या तान्ह्या बालकांना चावून श्वसनाचा गंभीर त्रास निर्माण केल्याच्या नोंदी आहेत.

दातांची जागा पाहून धोका ठरवणे किती अपुरे आहे, हे आफ्रिकेतील बूमस्लँगने सर्वांत कठोरपणे दाखवून दिले. सप्टेंबर 1957 मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ख्यातनाम सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांच्याकडे ओळख पटवण्यासाठी आलेला एक कोवळा साप त्यांच्या अंगठ्याला चावला, तेव्हा मागचा एकच दात सुमारे तीन मिलिमीटर आत गेला होता. सापाच्या शेपटीच्या मुळाशी असलेला खवला बूमस्लँगमध्ये सहसा दुभंगलेला असतो, तसा तो येथे नव्हता, म्हणून त्याच्या ओळखीविषयीच शंका होती. श्मिट यांनी उपचार न घेता स्वतःच्या लक्षणांची टिपणे ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बरे वाटत असतानाही त्याच दुपारी त्यांचा मृत्यू झाला. हे विष रक्त गोठवणारे घटक अवेळी कामाला लावून संपवून टाकते, आणि मग गोठण्यासाठी काहीच न उरल्याने शरीरात आतल्या आत रक्तस्राव होत राहतो. पुढे 1975 मध्ये जर्मन सर्पतज्ज्ञ रोबर्ट मेर्टेन्स हेही मागे विषदंत असलेल्या आफ्रिकी डहाळीसर्पाच्या दंशाने दगावले. त्या सापाच्या विषावर प्रतिविष आजही नाही.

भारतातील हरणटोळ किंवा मांजऱ्या यांना या आफ्रिकी सापांच्या रांगेत बसवणे सर्वथा चुकीचे ठरेल. हरणटोळाच्या दंशाने बहुधा थोडी सूज, ठणका आणि जखमेतून किंचित रक्त येणे एवढेच घडते व ते काही दिवसांत शमते; हा साप झाडावरून माणसाच्या डोळ्यावर किंवा टाळूवर झेप घेतो, ही समजूत निराधार आहे.

खरा धोका मांजऱ्याच्या बाबतीत उद्भवतो, आणि तो त्याच्या विषातून नव्हे तर फुरशाशी असलेल्या साम्यातून. दोघांचेही अंग तपकिरी व नक्षीदार असते, दोघांच्याही डोळ्यांतील बाहुल्या उभ्या असतात, आणि दोघेही रात्री बाहेर पडतात. मांजऱ्या मात्र लांब, सडपातळ, बारीक मानेचा आणि गुळगुळीत खवल्यांचा असतो, तर फुरसे आखूड व जाडसर असून त्याचे खवले खरखरीत असतात, आणि डिवचले असता ते अंगाची वळणे एकमेकांवर घासून करकर आवाज काढते. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात सरकारला फुरशी मारण्यासाठी बक्षीस लावावे लागले होते, तेथे अंधारात पायाला चावून गेलेल्या सापाला मांजऱ्या मानून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भारतात वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर तयार केलेले असते. निमविषारी दंशावर त्याचा उपयोग नाही, आणि घोड्याच्या रक्तापासून बनत असल्याने काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्यापेक्षा रुग्णाला लवकर पोहोचवणे अधिक मोलाचे ठरते, कारण डॉक्टरांचा निर्णय प्रामुख्याने रुग्णाच्या लक्षणांवर अवलंबून असतो. त्यासाठीची एक चाचणी ग्रामीण रुग्णालयातही करता येते: रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करून पाहतात, रक्त पातळच राहून ओघळले, तर फुरसे किंवा घोणस यांच्या दंशाचा संशय बळावतो, आणि गुठळी बनली असली तरी रुग्णाला घरी न पाठवता देखरेखीखाली ठेवून हीच चाचणी पुन्हा केली जाते.