गाडी एकाची, गुन्हा कितींचा?

मार्च 2019 मध्ये एनसीबीच्या (केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण ब्युरो) लखनौ विभागाने एक मोटार अडवली. नागालँडमधल्या दिमापूरहून ती उत्तर प्रदेशातल्या रामपूरकडे निघाली होती आणि आत तिघे जण होते. 3 किलो 300 ग्रॅम हेरॉइन सापडले, पण कुणाच्या खिशात नव्हे. ते बॉनेटखाली, वायपरजवळ दडवलेले होते. हेरॉइनचे 'व्यापारी प्रमाण' 250 ग्रॅमला सुरू होते. अंगझडतीत काही मिळाले नाही, या मुद्द्यावर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तिघांपैकी एकाला जामीन दिला. सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2021 रोजी तो रद्द केला. माल एक आणि माणसे अनेक, अशा वेळी ताबा कुणाचा मानायचा, हा वाद तेव्हा जवळपास 36 वर्षांचा झाला होता.

14 नोव्हेंबर 1985 रोजी एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला आणि अफूचे इंग्रजी अमदानीतले कायदे मोडीत निघाले. नव्या कायद्याने मालाबरोबर सरंजामही पकडला. अमली पदार्थ तयार करण्यासाठी मुद्दाम बनवलेली उपकरणे, त्यासाठी जुळवलेली भांडी, अर्धवट प्रक्रिया झालेला माल किंवा मागे उरलेला अंश ताब्यात सापडला आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर कलम 54 प्रमाणे गुन्हा घडल्याचे गृहीत धरता येते. कोरी चिलीम बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. तिच्यात चरस चिकटलेला निघाला की प्रश्न चरसाच्या ताब्याचा होतो. कलम 25 घर, खोली, वाहन, इतकेच काय जनावरसुद्धा अशा कामाला जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला गुन्हेगार ठरवते. कलम 29 कटातल्या साथीदारांना धरते आणि कलम 35 आरोपीला सारे ठाऊक होते असे मानून चालते. 1989 च्या दुरुस्तीने कलम 37 मधून जामिनाची वाटही अरुंद केली.

त्यानंतर न्यायालयांचे निकाल एका रेषेत गेले नाहीत. 2002 मध्ये अवतारसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात ट्रकमध्ये अफूच्या बोंडांच्या भुशाची पोती होती. पोत्यांवर बसलेला माणूस त्यांचा ताबेदार ठरत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. पुढच्याच वर्षी मदनलाल विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य हा निकाल आला. खासगी मोटारीत चरस सापडला होता. प्रवासी एकमेकांना ओळखत होते आणि ते एकत्र का निघाले याचा खुलासा कुणी दिला नाही, म्हणून सर्वांची शिक्षा कायम झाली. या निकालाने 'जाणीवपूर्वक ताबा' हे शब्द वकिलांच्या तोंडी रुळवले.

2008 मध्ये नूर आगा खटल्यात न्यायालयाने तोल सावरला. कलम 35 आणि 54 मधली गृहीतके घटनात्मक ठरली, पण ताब्याची मूळ वस्तुस्थिती आधी सरकार पक्षाने सिद्ध करायची, हेही ठरले. त्यानंतरच ओझे आरोपीवर येते आणि तेही शक्याशक्यतेच्या पातळीवर.

लखनौच्या प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. नागरत्ना यांनी अंगझडतीचा मुद्दा पुरेसा मानला नाही. दिमापूरपासूनचा सोबतचा प्रवास आणि व्यापारी प्रमाणातला साठा पाहता, अंगावर काही नव्हते एवढ्यावर कलम 37 मधली जामिनाची अट पूर्ण होत नाही, असा त्या आदेशाचा अर्थ. काही आठवड्यांतच मुंबईत वेगळे घडले. 2 ऑक्टोबर 2021 च्या क्रूझ छाप्यात एका नामवंत अभिनेत्याच्या मुलाजवळ काहीच सापडले नव्हते. त्याच्या मित्राजवळ 6 ग्रॅम चरस होता. एका जहाजावर असणे म्हणजे कट नव्हे, असे उच्च न्यायालयाच्या जामीन आदेशात आले, आणि मे 2022 च्या आरोपपत्रात एनसीबीने त्याचे नाव वगळले.

बंद मोटारीतून शेकडो किलोमीटर सोबत आलेले तिघे आणि जहाजावरची गर्दी यांना एक माप लावता येत नाही, हे खरे. पण अडचण मापाची नाही, वेळेची आहे. कुणाला काय ठाऊक होते हे खटल्याअंती कळते. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांत कलम 37 मुळे तोवर अनेक आरोपी कोठडीत असतात. त्यात शेवटी निर्दोष ठरणाराही असतो. म्हणून तपास यंत्रणेने आरोपपत्रातच प्रत्येक आरोपीपुढे दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: त्याला मालाची माहिती होती याचा पुरावा कोणता आणि मालावर त्याचा अंमल होता याचा पुरावा कोणता. ज्याच्यापुढे या दोन्ही जागा कोऱ्या राहतात, त्याच्यावर केवळ सोबतीपायी खटला चालवू नये.