काही मिनिटांत वीस वर्षांची कैद?

२०२४ साली एक चित्रफीत समाजमाध्यमांवर जगभर फिरली. कैद्याच्या डोक्यावर उपकरण चढवायचं, मेंदूत कृत्रिम आठवणी भरायच्या आणि काही मिनिटांत त्याच्याकडून वर्षानुवर्षांची शिक्षा भोगून घ्यायची! मूळचे येमेनचे विज्ञानप्रसारक हाशेम अल-घाइली यांची ही ‘कॉग्निफाय’ नावाची कल्पना. तुरुंगाचा खर्च वाचेल, कैदी लवकर घरी जातील, असा दावा होता. यंत्र मात्र कुठेच अस्तित्वात नव्हतं.

पण मेंदूतला काळ असा ताणता येतो का? डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. त्यांनी स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरं खाली सोडलं, थेट जाळ्यात. जेमतेम अडीच सेकंदांचा तो थरार! प्रत्येकाच्या मनगटावर एक छोटा पडदा होता. त्यावरचे आकडे इतक्या झपाट्याने लुकलुकत, की एरवी ते वाचताच येऊ नयेत. भीतीमुळे मेंदूला काळ खरोखर संथ दिसत असेल, तर पडताना ते वाचता यायला हवे होते. कुणालाच तसं जमलं नाही. खाली आल्यावर मात्र स्वतःचं पडणं सरासरी ३६ टक्के जास्त वेळ चाललं, असं त्यांना वाटलं. म्हणजे ताणला गेला तो अनुभव नव्हे, त्याची आठवण.

आठवण मात्र बनावटही असू शकते. २०१३ मध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतल्या नेमक्या चेतापेशी प्रकाशाने चेतवून खोटी भीती रुजवली गेली. ज्या पेटीत कधीच विजेचा धक्का बसला नव्हता, त्या पेटीत शिरताच उंदीर भीतीने जागीच थिजले. तिथून वीस वर्षांच्या मानवी आयुष्यापर्यंतचं अंतर प्रचंड आहे. पण नैतिक प्रश्नासाठी यंत्र तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही.

‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’च्या १९९६ मधल्या एका भागात ओब्रायन या निरपराध माणसाच्या डोक्यात काही तासांत वीस वर्षांचा कारावास भरला जातो. सहकाऱ्यांना कळतं, तोवर शिक्षा पुरी झालेली असते. घरी परतल्यावरही तो अन्न साठवून ठेवतो, पलंग सोडून जमिनीवर झोपतो. खरी कैद अपिलात थांबवता येते. ही थांबवायची कशी? आणि बंद खोलीत मेंदूवर काय केलं गेलं, हे न्यायालयाने तपासायचं कसं?

आपल्यासाठी हा प्रश्न परका नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावताना इतर पुराव्यांसोबत मेंदू-चाचणीचा निष्कर्षही ग्राह्य धरला. पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. तो मिळू शकला, कारण शिक्षा अजून उरलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात बजावलं, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदू-चाचणी करणं घटनाबाह्य आहे.

मेंदूतून माहिती काढायलाही संमती लागत असेल, तर शिक्षा म्हणून त्यात आठवणी घुसवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला देता येणार नाही. चूक दुरुस्त करण्याची वाटच जी बंद करते, ती शिक्षा न्याय ठरत नाही. यंत्र कितीही अचूक बनलं, तरी या निकालात बदल होण्याचं कारण नाही.