बर्लिन ते प्राग रेल्वेने: तिकीट बांधलेलं घ्यायचं की मोकळं?

(भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

चारठाण्यातून बोलतोय. आज नावं आणि आकडे बरेच आहेत, त्यामुळे ऐकून झालं की हा लेखी भाग मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आपल्या जिंतूर तालुक्यातलीच एक ताई बर्लिनला मास्टर्स करतेय. तिची व्हॉइस नोट आली. म्हणाली, “दादा, जूनमध्ये पदवीचा कार्यक्रम आहे. आई-बाबा पहिल्यांदाच देशाबाहेर येणारेत. त्यांना चार दिवस प्रागला न्यायचंय, रेल्वेने. बाबांनी सोयाबीनचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. त्यातले उगाच वाया गेलेले मला चालणार नाहीत. तिकीट आत्ताच काढू का थांबू?”

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर ‘आत्ता’ किंवा ‘नंतर’ असं एका शब्दात देता येत नाही. चारठाण्यात रेल्वे नाही. आपण एसटीने सेलू गाठतो आणि तिथून तपोवन किंवा देवगिरी पकडतो. आपल्या डोक्यात रेल्वे म्हणजे आयआरसीटीसी. तोच हिशोब युरोपात लावला की पैसे जातात. म्हणून आधी फरक समजून घेऊ.

आपली रेल्वे आणि तिकडची रेल्वे

पहिला फरक भाड्याचा. देवगिरीचं स्लीपरचं तिकीट दोन महिने आधी काढा नाहीतर चार दिवस आधी, तत्काळ सोडलं तर भाडं तेच. आपली अडचण भाड्याची नसते, जागेची असते. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवसांवर आलं, तरी वेटिंग लिस्ट काही सुटली नाही. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकात उलटं आहे. तिकडे वेटिंग लिस्ट नावाची गोष्टच नाही. पण भाडं विमानासारखं चढतं. आधी काढलं तर स्वस्त, गाडी सुटायच्या दिवशी काढलं तर कितीतरी महाग.

दुसरा फरक सीटचा. आपल्याकडे कन्फर्म तिकीट म्हणजे डबा आणि बर्थ नंबर आलाच. तिकडे तिकीट म्हणजे गाडीत बसायची परवानगी, आणि सीटचं आरक्षण ही वेगळी गोष्ट. जर्मनीतल्या बहुतेक लांबच्या गाड्यांत ते ऐच्छिक असतं. थोडे जास्त युरो भरले की सीट नंबर मिळतो. एकटा पोरगा असेल तर नसलं तरी चालतं. आई-बाबा सोबत असतील तर घ्याच. जूनमध्ये गर्दी असते, आणि तिघांनी तीन डब्यांत बसण्यात काही मजा नाही.

तिसरा फरक सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्यावरच आजचा भाग उभा आहे. तिकडचं स्वस्त तिकीट स्वस्त असतं, कारण ते तुम्हाला बांधून ठेवतं. तीच तारीख, तीच गाडी. ती चुकली तर पुढच्या गाडीत ते चालत नाही, आणि रद्द केलं तर पैसे परत नाहीत. मधल्या प्रकारात थोडे पैसे कापून रद्द करता येतं. सगळ्यात महागडं तिकीट मोकळं असतं, त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी पकडा. जर्मन रेल्वेच्या ॲपवर ही नावं अनुक्रमे सुपर स्पारप्राइस, स्पारप्राइस आणि फ्लेक्सप्राइस अशी दिसतात. किंमत बघायच्या आधी हे नाव बघा.

आधी व्हिसा, मग बांधलेलं तिकीट

ताई, तुझ्याकडे जर्मनीचं रेसिडन्स कार्ड आहे, तुझा प्रश्न नाही. आई-बाबांना शेंगेन व्हिसा लागेल. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक दोन्ही शेंगेनमध्ये आहेत, म्हणून प्रागसाठी वेगळा व्हिसा नाही. एकदाच प्रवेशाचा, म्हणजे सिंगल एन्ट्री व्हिसा असला तरी बर्लिन ते प्राग आणि परत, हे नवीन प्रवेशात मोजत नाहीत.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे. इथे बर्लिन जास्त, म्हणून जर्मनी. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांआधी घेत नाहीत आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण तो 45 दिवसांपर्यंतही लांबू शकतो. मोठ्यांची फी 90 युरो, जून 2024 पासून. वरून केंद्राचा सेवा आकार. सोबत किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो.

व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळत नाही. त्यात परत न मिळणारी रेल्वेची तिकिटं आधीच काढलेली असतील, तर तेही पैसे गेले. म्हणून व्हिसाच्या कागदांत प्रागचा बेत तारखांसह लिहा, हॉटेल रद्द करता येईल असं घ्या, आणि बांधलेलं तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढा. तोवर भाडं थोडं चढेल. चढू द्या. ती वाढ म्हणजे तुमच्या मनःशांतीचा हप्ता समजा.

एक सावधगिरी. कुणी म्हणालं, “एवढं आलोच आहोत तर युरोस्टारने लंडनलाही जाऊ,” तर थांबा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. तिथला व्हिसा वेगळा, आणि परत येताना शेंगेनमध्ये दुसरा प्रवेश लागतो.

एकच गाडी, दोन दुकानं

बर्लिन ते प्राग थेट गाडी आहे, दिवसभरात साधारण दर दोन तासांनी. प्रवास चार-साडेचार तासांचा. ही गाडी जर्मन रेल्वे आणि चेक रेल्वे दोघी मिळून चालवतात, आणि दोघीही आपापल्या ॲपवर तिकीट विकतात. जर्मनीचं ॲप डीबी नेव्हिगेटर, चेकचं मुय व्लाक. मी चारठाण्यात बसून दोन्ही उघडून पाहिली, दोन्ही इंग्रजीत चालतात. गाडी तीच, सीट तीच, पण किंमत आणि अटी वेगळ्या असू शकतात. म्हणून दोन्हीकडे बघा. तिकीट विकणारी बाहेरची ॲप्सही आहेत. ती सोपी असतात, पण काही जण वर फी लावतात, आणि रद्द करायची वेळ आली की मध्ये एक माणूस वाढतो.

किती महिने आधी विक्री उघडते, हे कंपनीवर आणि गाडीवर ठरतं. एक गोष्ट मात्र पक्की, युरोपचं नवं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी लागू होतं. त्या तारखेनंतरची गाडी दिसत नसेल तर घाबरू नका, विक्री अजून उघडली नसेल.

आणि युरेल पास? एका जाण्या-येण्यासाठी तो घेऊ नका. पाच-सहा शहरं फिरायची असतील तेव्हा त्याचा हिशोब करा.

कुठे बांधून घ्यायचं, कुठे मोकळं राहायचं

आता खरा निर्णय. समजा बांधलेलं तिकीट माणशी 25 युरो आणि मोकळं 70. हे आकडे फक्त हिशोबासाठी आहेत, तुमच्या तारखेचे तुम्ही बघा. तिघांचा एका बाजूचा फरक झाला 135 युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साडेतेरा हजार. छोटी रक्कम नाही.

मी असं करीन. जाताना बांधलेलं. तुम्ही बर्लिनमध्येच राहताय, स्टेशन माहितीचं आहे, सकाळची दहाची गाडी चुकायचं कारण नाही. फक्त विमान उतरेल त्याच दिवशीची गाडी बांधून घेऊ नका. विमानाला उशीर झाला तर रेल्वे तुमची वाट बघत नाही.

परतीचं बघताना एकच प्रश्न विचारा. मुंबईचं विमान कधी आहे? प्रागहून परत आल्यावर एक पूर्ण दिवस हातात असेल, तर परतीचंही बांधलेलं चालेल. दुसऱ्याच दिवशी विमान असेल, तर परतीचं मोकळं घ्या, नाहीतर एक दिवस आधी निघा. तिथे वाचवलेल्या पैशांपेक्षा चुकलेलं विमान कितीतरी महाग पडतं.

कुठे गाडी बदलायची असेल, तर संपूर्ण प्रवासाचं एकच तिकीट घ्या. दोन तुकड्यांत घेतलं आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर दुसरी कंपनी हात वर करू शकते. एकच तिकीट असेल तर पुढे पोचवायची जबाबदारी रेल्वेची.

उशीर झाला तर हक्क काय?

युरोपीय संघाचा नियम आहे, 7 जून 2023 पासून लागू झालेला. मुक्कामी 60 ते 119 मिनिटं उशिरा पोचलात तर भाड्याच्या 25 टक्के भरपाई. 120 मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर 50 टक्के. फार मोठं वादळ वगैरे कारण असेल तर भरपाई नाकारता येते. पण तासाभराहून जास्त उशीर होणार हे दिसत असेल, तर प्रवास सोडून पैसे परत मागायचा किंवा दुसऱ्या गाडीने पुढे जायचा पर्याय राहतो. तो बांधलेल्या तिकिटालाही आहे. अर्ज तीन महिन्यांच्या आत करा, तोवर तिकीट डिलीट करू नका.

पैसे भरताना

भारतातून भरणार असाल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये जा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नव्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंदच असतो. तो चालू करा, मर्यादा लावा, काम झालं की परत बंद करा. पेमेंटच्या पानावर “रुपयात भरा” असा पर्याय आला तर नको म्हणा, युरोतच भरा. तो रुपयांचा दर बहुतेकदा महाग पडतो. बँकही परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी घेते, तो हिशोबात धरा. ताईचं खातं तिकडचं आहे, तिनेच भरलं तर हा खर्च वाचतो.

नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्या पासपोर्टात बऱ्याचदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते गाळू नका.

प्रवासाच्या दिवशी

बर्लिनच्या मुख्य स्टेशनला खाली आणि वर असे दोन स्तर आहेत. खाली 1 ते 8 प्लॅटफॉर्म, वर 11 ते 16. आई-बाबांचे गुडघे लक्षात घेऊन अर्धा तास आधी पोचा आणि लिफ्ट शोधा. सामान तपासणी नाही, गेट नाही. गाडी मात्र वेळेला हलते.

पासपोर्ट बॅगेत खाली ठेवू नका, खिशात ठेवा. शेंगेन असलं तरी जर्मनीने चेक सीमेवर ऑक्टोबर 2023 पासून पुन्हा तपासणी सुरू केली आहे, पोलीस गाडीत येऊन कागद बघू शकतात. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवायचा, संपलं.

जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या घ्या. ड्रेस्डेन गेलं की एल्ब नदी त्या बाजूने सोबत येते. घरून भाकरी-चटणी बांधून आणली असेल तर तिथेच सोडा, गाडीत खायला कुणी अडवत नाही.

प्राग आलं म्हणून घाईने उतरू नका. आधी होलेशोव्हित्से स्टेशन लागतं, त्याच्याही नावापुढे ‘प्राहा’ असतं. मुख्य स्टेशन त्याच्या पुढचं, प्राहा ह्लाव्हनी नाद्राझी. तिकिटावर कुठलं छापलंय ते बघा. आणि तिकिटाची पीडीएफ नेटशिवाय उघडेल अशी फोनमध्ये ठेवा, एक छापील प्रत बाबांच्या खिशात. फोनची बॅटरी संपली तरी कागद चालतो.

तर ताई, क्रम असा: मुक्कामाच्या तारखा, व्हिसा, दोन्ही ॲपवर किंमत, मग अट वाचून तिकीट. बाबांच्या पैशांतून आधी विमानाच्या आदल्या दिवसाची काळजी मिटव, उरलेल्यात स्वस्त शोध.

तुमच्या घरातलंही कुणी असं निघालं असेल तर तारखा आणि मार्ग पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू!